यादीपासून सभागृहापर्यंत: ठाण्यात दुर्लक्षित वस्त्यांच्या वतीने महापालिका निवडणूक लढवताना

ठाणे महानगरपालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली, तेव्हा आधीच्या मतदानाला जवळजवळ नऊ वर्षे होत आली होती. आधीचे मतदान फेब्रुवारी २०१७ मध्ये झाले, मार्च २०२२ मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकांकडे राहिला. मतदानाच्या दिवशी दुपारी एका शाळेच्या फाटकाशी घरकाम करणारी एक ताई मला भेटली. सकाळची दोन कामे उरकून ती आली होती आणि तिच्या मुठीत मतदार ओळखपत्र होते. गेली चौदा वर्षे ती एकाच गल्लीत राहते, पण यादीत तिचे नाव नव्हते. "कार्ड तर आहे ना माझ्याकडे," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. कार्ड जवळ असणे आणि त्या वर्षीच्या यादीत नाव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला त्याआधी कोणीही सांगितले नव्हते, आणि आम्ही ते सांगायला सहा महिने उशिरा पोहोचलो होतो.

ज्या समाजांचा माणूस सभागृहात क्वचितच दिसतो, त्यांच्या वतीने निवडणूक लढवू पाहणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. येऊरच्या पाड्यांवरील वारली आणि कातकरी कुटुंबे, कंत्राटी सफाई कामगार, घरकामगार महिला, सकाळी नाक्यावर उभे राहणारे मजूर, भटक्या-विमुक्त जमातींच्या वस्त्या, दिव्यांग आणि तृतीयपंथी नागरिक हे सगळे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. नवी मुंबईत यांत दिघा, तुर्भे या भागांतील डोंगरउतारावरच्या वस्त्यांची भर घालावी लागेल. या सर्वांसाठी मला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे: आपली निवडणूक प्रचाराच्या पंधरा दिवसांत होत नसते, ती मतदार यादी आणि कागदपत्रे यांच्या कामात आधीची दोन-तीन वर्षे चालू असते. प्रस्थापित उमेदवाराला उशिरा सुरुवात करणे परवडते, कारण त्याचे मतदार यादीत आधीपासून असतात. आपले मतदार तिथे नसतात.

यादीचे काम

महापालिकेच्या निवडणुकीसाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही. विधानसभेची जी यादी भारत निवडणूक आयोग तयार करतो, तीच एका ठरावीक दिनांकाची धरून राज्य निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार प्रभागनिहाय फोडली जाते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ रोजी अस्तित्वात असलेली यादी धरली होती. त्या दिवसानंतर ज्यांनी नाव नोंदवले त्यांना या निवडणुकीत मत देता आले नाही. प्रभागाची प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकती मागवल्या जातात खऱ्या, परंतु त्या टप्प्यावर नवे नाव घालून मिळत नाही. चुकून दुसऱ्या प्रभागात गेलेले नाव, लेखनिकाची चूक किंवा विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीतून सुटलेले नाव एवढीच दुरुस्ती होते. पुष्कळ कार्यकर्ते या हरकतींच्या काळात धावपळ सुरू करतात आणि हताश होऊन परततात.

म्हणून पहिले काम वहीचे. जाड दोनशे पानी वही घ्यावी आणि गल्लीवार पाने पाडावीत. पहिल्या रकान्यात घर, दुसऱ्यात अठरा वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीचे नाव, तिसऱ्यात यादीतील भाग क्रमांक आणि अनुक्रमांक, चौथ्यात अडचण. चौथा रकाना भरत जातो तसतसे वस्तीचे खरे चित्र दिसू लागते. एका वस्तीत आम्ही ही वही भरली तेव्हा लग्न होऊन आलेल्या बहुतेक सुनांची नावे अजून माहेरच्या गावच्या यादीत होती, काही पुरुषांची नावे गावाकडे आणि इथे अशी दोन्हीकडे होती, आणि एका आजींच्या नावापुढे लिंग 'पुरुष' असे छापलेले होते. दोन्हीकडे नाव असणे बेकायदेशीर आहे, हे न रागावता समजावून सांगावे आणि त्या माणसाला इथले की गावचे, हे स्वतः ठरवू द्यावे. गावातल्या जमिनीच्या आणि भावकीच्या भीतीने अनेक जण तिकडचे नाव सोडत नाहीत. ती भीती खोटी आहे असे म्हणून चालत नाही, यादीतील नावाचा सातबाऱ्याशी काहीही संबंध नाही हे शांतपणे दाखवून द्यावे लागते.

नव्या नावासाठी नमुना ६ आणि पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८ भरतात. वर्षातून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखांना अठरा पूर्ण करणाऱ्यांना नोंदणी करता येते. झोपडपट्टीत भाड्याने राहणाऱ्यांची खरी अडचण पत्त्याच्या पुराव्याची असते, कारण वीजबिल मालकाच्या नावाने येते आणि भाडेकरार नोंदवलेला नसतो. अशा वेळी आधार किंवा बँकेचे, टपाल खात्याचे पासबुक चालते. आणि ठरवून दिलेला कोणताच पुरावा नसल्यास मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, म्हणजे बीएलओने, प्रत्यक्ष जागेवर येऊन खात्री करायची असते. ज्यांना घरच नाही, जे पुलाखाली किंवा पदपथावर झोपतात, त्यांच्यासाठीही तरतूद आहे: बीएलओने रात्री त्या जागी जाऊन तो माणूस तिथेच झोपतो याची खात्री करावी आणि त्याच्याकडून कागदोपत्री पुरावा मागू नये, असे निवडणूक आयोगाचे निर्देश आहेत. हे निर्देश छापून जवळ ठेवावेत. बीएलओ बहुधा शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असतात, त्यांच्यावर आधीच पाच कामांचे ओझे असते, त्यामुळे त्यांच्याशी भांडण्याऐवजी त्यांच्यासोबत वस्तीत फिरावे. ज्या गल्लीत त्यांना घर सापडत नाही तिथे आपण वही घेऊन उभे राहावे.

ठाणे महापालिकेचा प्रदेश मुख्यतः ठाणे, कोपरी-पाचपाखाडी, ओवळा-माजिवडा आणि मुंब्रा-कळवा या विधानसभा मतदारसंघांत विभागलेला आहे, तर नवी मुंबईचा ऐरोली आणि बेलापूरमध्ये. आपल्या वस्तीच्या यादीचे भाग दोन मतदारसंघांत गेलेले असू शकतात, हे सुरुवातीलाच तपासून घ्यावे.

प्रभाग आणि आरक्षण समजून घेणे

ठाण्यात १३१ जागा आणि ३३ प्रभाग आहेत. ३२ प्रभागांतून प्रत्येकी चार आणि एका प्रभागातून तीन सदस्य निवडून जातात. नवी मुंबईत १११ जागा २८ प्रभागांत आहेत. २०११ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या १८ लाख ४१ हजारांवर होती, म्हणजे त्या जुन्या आकड्यानेही एका प्रभागात सरासरी साडेपंचावन्न हजारांवर माणसे येतात. प्रत्येक मतदार आपल्या प्रभागात जितक्या जागा तितकी मते देतो. एकसदस्यीय प्रभागात तीन-चार हजार मतांची एक वस्ती आपला माणूस निवडून आणू शकत असे. बहुसदस्यीय पद्धतीत तीच वस्ती मोठ्या प्रभागात विरघळून जाते. विखुरलेल्या समाजांसाठी ही पद्धत अन्यायकारक आहे असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही ती आहे तोवर तिच्या हिशेबानेच आखणी करावी लागेल.

ठाण्यातील १३१ जागांपैकी ९ अनुसूचित जातींसाठी, ३ अनुसूचित जमातींसाठी आणि ३५ नागरिकांच्या मागास प्रवर्गासाठी राखीव असतात, आणि एकूण जागांपैकी निम्म्या, म्हणजे ६६, महिलांसाठी असतात. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा त्या-त्या समाजाच्या लोकसंख्येच्या प्रमाणावरून प्रभागांना दिल्या जातात आणि महिला आरक्षण सोडतीने ठरते. या सोडतीवर सारा भरवसा ठेवून वर्षभर वाट पाहू नये. राखीव प्रवर्गातील व्यक्ती सर्वसाधारण जागेवरूनही लढू शकते, आणि महिला कोणत्याही सर्वसाधारण जागेवरून लढू शकते. तृतीयपंथी उमेदवारांना हेही ठाऊक असावे, की जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत महिला राखीव जागेवर अर्ज भरलेल्या तृतीयपंथी उमेदवाराला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२१ मध्ये लढण्याची परवानगी दिली होती.

भटक्या-विमुक्तांना, अल्पसंख्याकांना, दिव्यांगांना या व्यवस्थेत त्यांची अशी स्वतंत्र जागा नाही. भटके-विमुक्त मागास प्रवर्गाच्या २७ टक्क्यांतच धरले जातात आणि तिथे संख्येने व साधनांनी मोठे असलेले समाज पुढे निघून जातात. म्हणूनच आरक्षणापेक्षा प्रभाग रचनेच्या टप्प्याकडे अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते. प्रारूप प्रभाग रचना प्रसिद्ध होते, हरकती आणि सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते. जनगणनेचे प्रगणक गट, म्हणजे मोजणीसाठी पाडलेले छोटे भाग, जोडून प्रभाग बनवतात आणि अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो फुटू नयेत अशी अपेक्षा असते. आपला पाडा किंवा वस्ती दोन प्रभागांत चिरली जात असेल, तर प्रगणक गटांचे क्रमांक आणि नकाशा जोडून लेखी हरकत द्यावी आणि सुनावणीला वस्तीतील चार माणसांनी स्वतः हजर राहावे. नुसत्या निषेधाच्या पत्राला उत्तर मिळते, पण फरक पडत नाही. 'हा गट इकडून तिकडे घ्यावा, त्यामुळे लोकसंख्येत एवढाच फरक पडतो' असे मांडलेले म्हणणे विचारात घ्यावेच लागते.

कागदपत्रे, ज्यांच्यापायी निवडून आलेला माणूसही घरी बसतो

उमेदवाराचे वय किमान २१ वर्षे पूर्ण हवे आणि त्याचे नाव त्याच महापालिकेच्या कोणत्याही प्रभागाच्या यादीत हवे. एवढे सोपे वाटणारे पात्रतेचे प्रकरण अपात्रतेच्या कलमांपाशी आले की अवघड होते, आणि या कलमांचा फटका गरीब उमेदवाराला जास्त बसतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे दोनपेक्षा अधिक अपत्ये झाली असतील, तर ती व्यक्ती उमेदवार होऊ शकत नाही. महापालिकेची थकबाकी असेल आणि मागणीची नोटीस येऊनही मुदतीत भरली नसेल, तर अर्ज बाद होऊ शकतो. म्हणून मालमत्ता कर आणि पाणीपट्टी यांची थकबाकी नसल्याचा दाखला आधीपासून काढण्याची सवय ठेवावी. स्वतःचे, पती किंवा पत्नीचे अथवा अवलंबून असलेल्या व्यक्तीचे अनधिकृत बांधकाम हेही अपात्रतेचे कारण आहे. वस्तीत राहणाऱ्या उमेदवाराने झोपडीचा फोटोपास, जुनी पावती, वाढवलेला पोटमाळा, पुढे काढलेली ओटी या सगळ्यांबाबत निवडणुकीच्या वर्षभर आधी एखाद्या जाणत्या वकिलाला घर दाखवावे, कारण विरोधकाचा आक्षेप येतो तो छाननीच्या सकाळी, आणि त्या वेळी हाती फक्त काही तास असतात.

राखीव जागेवरून लढायचे असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे सर्वांत वेळखाऊ काम. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. वैधता जात पडताळणी समिती देते आणि अनुसूचित जमातींसाठी निराळी तपासणी समिती असते. वैधतेचा अर्ज केल्याची पावती आणि हमीपत्र यांवर अर्ज भरण्याची सवलत दिली जाते, परंतु निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र सादर झाले नाही, तर निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द होते. वस्तीने घाम गाळून निवडून आणलेली बाई कागदापायी पदावरून जाते, तेव्हा होणारे नुकसान तिच्या एकटीचे नसते. पुढच्या वेळी त्या वस्तीत कोणी उभे राहायला धजत नाही.

पुराव्यासाठी जुन्या तारखा पाठ असाव्यात. कुटुंबाचे महाराष्ट्रातील वास्तव्य आणि जातीची नोंद अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची दाखवावी लागते. ज्यांचे आजोबा शाळेत गेलेच नाहीत, ज्यांची पालं वर्षातून चार ठिकाणी पडत, त्यांच्याकडे अशी नोंद कुठून असणार? तरीही वाटा आहेत. आजोबांच्या गावच्या कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल तहसील कार्यालयातून मागवता येते, आत्याच्या किंवा चुलत आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीची नोंद सापडते, आणि वडिलांकडच्या रक्तनात्यातील कोणाला आधीच वैधता मिळालेली असेल तर वंशावळ जोडून काम पुष्कळ हलके होते. दुसऱ्या राज्यातून आलेल्या कुटुंबाला तिकडच्या दाखल्यावर इथल्या राखीव जागेचा लाभ मिळत नाही, ही गोष्ट सफाई कामगारांच्या वसाहतींत अनेकांना शेवटच्या क्षणी कळते.

महिलांच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. विवाहित स्त्रीची जात वडिलांकडून सिद्ध होते, सासरकडून नाही. म्हणजे दाखल्यावर माहेरचे नाव, यादीत सासरचे नाव, आधारवर तिसरेच काहीतरी. हे सगळे एकाच व्यक्तीचे आहे हे दाखवणारे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र हाती असल्याशिवाय ती उमेदवारीसाठी तयार झाली असे समजू नये. पन्नास टक्के जागा महिलांच्या असताना वस्तीतील खंबीर, बोलती बाई मागे राहते आणि एखाद्या पुढाऱ्याच्या घरातील सून उभी राहते, याचे एक कारण हे कागद आहेत.

पक्ष की अपक्ष

चार सदस्यांच्या प्रभागात अपक्षाने एकट्याने निवडून येणे फार कठीण आहे. मतदार चारही मते एकाच चिन्हाला देण्याकडे झुकतो, आणि अपक्षाला मुक्त चिन्हांच्या यादीतून मिळालेले चिन्ह जेमतेम दहा-बारा दिवसांत पन्नास हजारांच्या वस्तीपर्यंत न्यावे लागते. एखाद्या पक्षाकडे उमेदवारी मागायची असेल, तर आपली वही हेच आपले भांडवल: 'या सहा वस्त्यांत आम्ही इतकी नावे यादीत आणली आहेत' हे घरागणिक दाखवता आले, की बोलणी बरोबरीने होतात. पक्षाचा ए आणि बी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीची पत्रे, हातात येईपर्यंत उमेदवारी मिळाली असे मानू नये आणि अपक्ष म्हणून अर्जाची तयारी सोडू नये. पक्षाकडून नाही मिळाली तर प्रभागातील दुसऱ्या तीन उमेदवारांसोबत पॅनेल बांधणे हा मार्ग उरतो, मात्र ते तिघे प्रभागाच्या वेगवेगळ्या भागांतले असावेत. उमेदवारी कोणाचीही असो, आपल्या वस्तीच्या मागण्या लेखी ठरवून त्यांवर सोबतच्या उमेदवारांच्या सह्या आधी घ्याव्यात.

प्रचार

आपला मतदार दिवसा घरी नसतो. घरकामगार बाई घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांत सकाळी साताला पोहोचते आणि दुपारी तीनला परतून पुन्हा चार वाजता निघते. तिची खरी मोकळीक रात्री साडेआठनंतरची, तीही पाणी आले नसेल तर. नाका कामगार सकाळी आठपर्यंत नाक्यावर भेटतो, काम मिळाले की दिवसभर दिसत नाही. सफाई कामगारांची पाळी पहाटे सुरू होते, त्यांना हजेरी शेडजवळ काम सुटण्याच्या वेळी गाठावे. पाड्यांवर रविवारी जावे आणि दोन तास बसायच्या तयारीने जावे. यावरून वेळापत्रक बनते. फेरी काढून गल्लीतून घोषणा देत जाणे सर्वांत शेवटी.

महिलांच्या भेटीसाठी संक्रांतीच्या दिवसांत हळदीकुंकू ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि जानेवारीतील निवडणुकीत तर ते ठायी ठायी होते. माझी कळकळीची विनंती आहे, की ज्यांना कोणी विचारत नाही त्यांच्या वतीने आपण उभे आहोत, तर विधवा, परित्यक्ता आणि एकट्या राहणाऱ्या बायांना बाजूला बसवणारा कार्यक्रम आपल्या नावाने होऊ नये. तिळगूळ सर्वांना द्यावा आणि बोलावणे प्रत्येक घरी जावे. आचारसंहितेच्या काळात वाण म्हणून वस्तू वाटल्या तर ते मतदारांना दिलेले आमिष ठरते, हेही ध्यानात ठेवावे.

भाषणात 'विकास' हा शब्द न वापरता बोलायचा सराव करावा. सार्वजनिक शौचालयाची किती सीट चालू आहेत, दिवा रात्री लागतो का, दाराला कडी आहे का, नळाला पाणी किती वाजता आणि किती मिनिटे येते, नाला शेवटचा कधी काढला, पाड्यावरच्या बाळंतिणीला रात्री दवाखान्यात कसे नेले, हे मुद्दे नेमक्या आकड्यांनिशी मांडावेत. महापालिकेच्या अंदाजपत्रकात दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखून ठेवायचा असतो. तो आपल्या प्रभाग समितीत कुठे खर्च झाला, हे माहिती अधिकारात अर्ज करून वर्षभर आधी मागवून घ्यावे. ज्या उमेदवाराच्या हातात हा कागद असतो, त्याचे बोलणे इमारतींतले मध्यमवर्गीय मतदारही थांबून ऐकतात, आणि प्रभाग मोठा असल्याने ती मते आपल्याला लागणारच आहेत. आपल्याकडे कामाला येणारी बाई पाण्यासाठी रात्री दोनला उठते हे त्यांतील अनेकांना खरोखरच ठाऊक नसते. सांगितले तर कळते.

पैसा आणि अर्ज

२०२६ च्या निवडणुकीत उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ठाण्यासाठी १३ लाख आणि नवी मुंबईसाठी ११ लाख रुपये होती. ही कमाल मर्यादा आहे, एवढे खर्च केलेच पाहिजेत असे नाही. निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे आणि देणगी त्यातूनच घ्यावी. चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, रिक्षावरचा भोंगा यांचे दर महापालिकेने ठरवलेले असतात आणि हिशेब त्या दराने धरला जातो, त्यामुळे कार्यकर्त्याच्या घरून आलेली चहाची किटलीही नोंदवून ठेवावी. वस्तीतून दहा-वीस रुपयांची वर्गणी पावती देऊन घ्यावी. रक्कम थोडी जमते, पण पावती घेतलेले घर मतदानाला बाहेर पडते, हा माझा अनुभव आहे.

अर्जासोबत मालमत्ता, देणी, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती देणारे शपथपत्र लागते. आंदोलनात दाखल झालेले गुन्हे अनेक कार्यकर्त्यांच्या स्मरणातून गेलेले असतात. पोलीस ठाण्यातून आणि न्यायालयातून त्यांची स्थिती आधी काढून घ्यावी आणि कोणताही रकाना कोरा सोडू नये. सूचक आणि अनुमोदक त्याच प्रभागाचे मतदार हवेत, आणि ते दबावाला न डगमगणारे हवेत. अनामत रक्कम राखीव प्रवर्गातील आणि महिला उमेदवारांना निम्मी असते. शेवटच्या दिवसाची वाट न पाहता आदल्या दिवशीच अर्ज द्यावा.

छाननी आणि माघार यांच्यामधले दिवस सर्वांत जड जातात. कोणी समजावायला येते, कोणी नात्यातल्या माणसाला पाठवते, कोणी घरमालकाकरवी निरोप धाडते. उमेदवाराच्या घरच्यांशी याविषयी महिनाभर आधी बोलून ठेवावे आणि त्या दिवसांत उमेदवाराला एकटे राहू देऊ नये. धमकी आल्यास त्याच दिवशी निवडणूक निर्णय अधिकारी आणि पोलीस यांना लेखी कळवून पोच घ्यावी.

मतदानाचा दिवस

मतदान सकाळी साडेसात ते सायंकाळी साडेपाच असते. नाका कामगाराने आठ वाजता मत देऊन कामावर जायचे, अशी आखणी करावी. आपल्या खर्चाने गाड्या लावून मतदार नेणे हा गुन्हा आहे. दिव्यांग आणि वृद्ध मतदारांसाठी केंद्रावर चाकाच्या खुर्च्या आहेत का, उतार आहे का, हे आदल्या दिवशी पाहून प्रशासनाकडूनच करून घ्यावे.

बहुसदस्यीय प्रभागात यंत्रावर अ, ब, क, ड अशा जागांच्या वेगवेगळ्या रंगांच्या मतपत्रिका असतात आणि मतदाराने प्रत्येक जागेसाठी एक याप्रमाणे सर्व मते दिल्याखेरीज प्रक्रिया पूर्ण होत नाही. एखाद्या जागेसाठी कोणी पसंत नसेल तर 'नोटा' दाबावे लागते. निरक्षर मतदार पहिले बटण दाबून निघून जातो, मागून अधिकारी हाक मारतात, तो गोंधळतो आणि पुढची बटणे हाताला येतील तशी दाबतो. आम्ही पुठ्ठ्यावर चार रंगांचे कागद चिकटवून खोटे यंत्र बनवले होते. एका पाड्यावर सत्तरीच्या एका आजींनी ते मांडीवर घेतले, प्रत्येक रंगावर बोट ठेवले, चौथ्या रंगावर थांबून विचारले, "आन् हे झालं की मग आवाज येतो?" आवाज येतो, असे सांगितल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून करून पाहिले. असे पुठ्ठे वस्तीगणिक चार-पाच तरी असावेत.

निकालानंतर

जिंको वा हरो, खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत सादर करणे बंधनकारक आहे. न केल्यास पुढील निवडणुकांसाठी तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवले जाऊ शकते. हरलेले उमेदवार हे विसरतात आणि पुढची संधी स्वतःच घालवतात.

निवडून आलात तर पहिल्या वर्षी सभागृहातील प्रश्न, लक्षवेधी आणि प्रभाग समितीच्या बैठका यांची कामकाज नियमावली आत्मसात करावी. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर पैसा उधळण्यास त्यांनी एकट्याने विरोध केला होता. बहुमत नसताना एका सदस्याला काय करता येते, ते यातून दिसते: कोणत्या कामावर किती पैसा जातो आहे, हे इतिवृत्तात नोंदवायला लावता येते. पण नुसता ठराव झाला म्हणून काम संपत नाही, याचा दाखलाही आपल्या कोकणातच आहे. महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२४ मध्ये केला होता, तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा ते पाणी प्रत्यक्ष ओंजळीत आले. म्हणून वस्तीच्या नळाचा ठराव मंजूर झाला, की निविदा, कार्यादेश आणि प्रत्यक्ष खोदाई या प्रत्येक टप्प्याची तारीख वस्तीच्या फलकावर लिहावी आणि ती चुकली तर वस्तीलाच सोबत घेऊन प्रभाग समितीच्या कार्यालयात जावे.

हरलात तर मतदान केंद्रनिहाय मोजणीचे आकडे घेऊन वही पुन्हा उघडावी. कोणत्या गल्लीत नावे होती पण माणसे आली नाहीत आणि कोणत्या गल्लीत माणसे आली पण नावे नव्हती, हे त्याच आठवड्यात लिहून काढावे. शाळेच्या फाटकावर भेटलेल्या त्या ताईचा नमुना ६ आम्ही निकालाच्या दुसऱ्या आठवड्यात भरला, आणि तिच्याच मदतीने तिच्या गल्लीतील आणखी अकरा जणींचा.